वरच्या फळीवरची धूळ

— अहो थांबा, थांबा, ते खोकं एवढ्यात चिकटवू नका! त्यातली पुस्तकं मी अजून झटकलेली नाहीत. आणा इकडे एकेक. तुम्ही यादीवर खूण करा, मी पुस्तक उलटं धरून हलवते आणि मग खुशाल भरा. आता झुरळं नसतात हो पाळकसाहेबांच्या घरात, अकरा वर्षं दर शनिवारी मी धूळ पुसते म्हटल्यावर झुरळाची काय हिंमत — पण झटकलेलं बरं. तुमची ती पाळक तयार करायची शाळा, तिथे एवढी शिकलेली माणसं, त्यांच्या ग्रंथालयात शेजारणीच्या हातून कचरा गेला असं नको व्हायला. चहा घेता? नको? बरं, मग ते जाड तपकिरी द्या. आई गं, हे त्रैक्यावरचं. सातशे पानं आहेत. मी वाचलंय — म्हणजे पहिली नऊ आणि शेवटची दोन. शेवटी लिहिणारा म्हणतो, हे माणसाच्या बुद्धीपलीकडचं आहे. अरे बाबा, मग पहिल्या पानावरच सांगायचं ना! छापणाऱ्याचे कष्ट तरी वाचले असते.

परवा लेक आली आणि घेऊन गेली हो त्यांना. डोळे अगदीच गेले. शेवटी शेवटी ओळख पटायला मी काही बोलेपर्यंत थांबायचे — फार थांबावं लागत नव्हतं म्हणा. किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणाले, ग्रंथपाल येतील, त्यांना सगळी पुस्तकं द्या, एकही ठेवू नका. असं का म्हणाले असतील? मी काय पुस्तकं ठेवून घेणारी दिसते? मला पुस्तक नकोच आहे. मला फक्त — हलवा, तुम्हीही हलवा, नुसते बघता काय — मला फक्त एक कागद हवाय. असा बोटभर. असेल तर. नसेल तर नसेल.

तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुम्ही काय आज आहात, उद्या नाही. पाळकसाहेबांची एक पद्धत होती. चर्चच्या मंडळीतलं कुणी येऊन म्हणालं, साहेब, माझ्यासाठी प्रार्थना करा, की ते चिठ्ठी लिहायचे आणि पुस्तकात ठेवायचे. कुठल्याही नाही हां, विषय बघून. आजारी माणसं ‘दुःख का आहे’ त्यात. नोकरी शोधणारे पाचारणाच्या, म्हणजे देव कामाला बोलावतो त्या पुस्तकात. घर सोडून गेलेली मुलं कृपेत. भावाभावांची भांडणं ह्या त्रैक्यात — पिता, पुत्र, पवित्र आत्मा, तिघं अनादिकाळापासून एकत्र राहतात आणि एकदाही वेगळी चूल मांडली नाही, म्हणून. आणि घरमालक? घरमालक सगळे अंतिम न्यायात! रोज सकाळी एकेक पुस्तक काढायचे, चिठ्ठी वाचायचे, डोळे मिटायचे. प्रार्थना ऐकली गेली की ती चिठ्ठी उचलून स्तोत्रांवरच्या त्या निळ्या पुस्तकात, उपकारस्तुतीला. तुम्ही मघाशी भरलंत ना निळं? फुगलं होतं की नाही? बघा.

मला कसं कळलं म्हणजे काय? धूळ पुसताना पुस्तक उचलावं लागतं. उचललं की उघडतं. उघडलं की दिसतं. आता डोळे मिटून कुणी धूळ पुसतं का?

आणि नुसतं वाचून गप्प बसायचं, हे मला जमत नाही, देवानं मला तसं घडवलंच नाही. पहिली चिठ्ठी मला आठवते — ‘शिंपी – भाऊ.’ बस, एवढंच. पण मला सगळं ठाऊक, समोरासमोर दुकानं, सहा वर्षं एकमेकांकडे पाठ करून मशीन चालवत होते. मी गेले थोरल्याकडे, ब्लाउजचं माप द्यायला. म्हटलं, तुमचा भाऊ सांगत होता, काज करावं तर थोरल्यानंच. मग गेले धाकट्याकडे, तेच ब्लाउज घेऊन. म्हटलं, तुमचा थोरला म्हणतो, कॉलर धाकट्यासारखी कुणाला बसत नाही. दोघंही असं काही म्हणाले नव्हते, खोटं होतं, मान्य. पण शनिवारपर्यंत खरं झालं! धाकटा काज करून घ्यायला स्वतः रस्ता ओलांडून गेला. आणि रविवारी पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, प्रभू आजही प्रार्थना ऐकतो, आपल्याच गल्लीत ऐकतो. मी शेवटच्या बाकावर होते. मी नेहमी शेवटच्याच बाकावर बसते, तिथून सगळे दिसतात. मान खाली घातली होती मी. लोकांना वाटलं, किती भाविक बाई.

मग काय, सवयच लागली. परिचारिकेला रात्रपाळीतून सोडवलं. म्हाताऱ्या मास्तरांच्या मुलाला पत्र टाकलं, ‘तुमचा एक हितचिंतक’ अशी सही करून. घरमालकाच्या बायकोला गाठलं — घरमालकाला गाठून उपयोग नसतो. निळं पुस्तक फुगत चाललं. मंडळी वाढली हो! दुसऱ्या मंडळीची माणसं आमच्या पाळकसाहेबांकडे प्रार्थनेला यायला लागली, इथे लवकर ऐकलं जातं म्हणून.

चुकलं का कधी? एकदा. एकदाच. हे धरा, पापावरचा दुसरा भाग, ह्यात काही नाही, ह्यात ते कुणालाच ठेवायचे नाहीत. तर चिठ्ठी होती ‘घड्याळवाला – सून.’ आता तुम्हीच सांगा, सासरा सुनेसाठी प्रार्थना करतो म्हणजे काय समजायचं? छळत असणार त्यांना. गेले मी तिच्याकडे, चांगला अर्धा तास बोलले — म्हाताऱ्या माणसाशी कसं वागावं, आपणही एक दिवस म्हातारे होऊ, सगळं. ती बिचारी हातात वही घेऊन उभी, डोळ्यांत पाणी. तिची परीक्षा होती हो! परिचारिका व्हायची परीक्षा, आणि सासरा रोज चार वाजता उठून तिला चहा करून देत होता. त्या दिवसापासून सासरा-सून दोघं मिळून माझ्याशी बोलत नाहीत. ती पास झाली, ते सोडा. पण तेव्हापासून पाळकसाहेब चिठ्ठ्या जरा सविस्तर लिहायला लागले. ‘बेकरीवाला – वडील. आजारी नाहीत, रुसले आहेत.’ मला वाटलं, वय झालं, विसरायला होतं, म्हणून लिहून ठेवतात. मग अक्षरही मोठं झालं, चष्म्याशिवाय मला दिसेल एवढं. मला वाटलं, डोळे. मग तर असंही लिहायचे — ‘विधवा, कोपऱ्यावरचं घर. मंगळवारी दुपारी घरी असते. मागच्या दारानं हाक मारावी, पुढची घंटा बिघडली आहे.’ आता बघा, किती श्रद्धा! देवाला सुद्धा नीट पत्ता द्यायचा.

हसताय काय? हसण्यासारखं काय त्यात?

बरं, द्या ते पुढचं. हे युगान्ताचं, हलवा जोरात. काही नाही? काहीच नाही. हं. — तर तो कागद. सांगते. मला एक थोरली बहीण आहे. आहे म्हणजे, नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. तिच्या मुलीचं लग्न ठरत होतं. माणसं घरी आली होती, सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं, आणि मुलाची आई मला म्हणाली, तुम्ही मावशी ना, मग सांगा तुमच्या भाचीबद्दल काहीतरी. आता एवढ्या प्रेमानं विचारल्यावर! मी म्हटलं, गुणी आहे हो, स्वयंपाक, शिवण, अभ्यास — फक्त घोरते. लहानपणापासून. भिंतीपलीकडे ऐकू येतं. कौतुकानं सांगितलं हो मी! गाढ झोप लागते म्हणजे मन स्वच्छ, असं पुढे म्हणणार होते. पण माणसं तोवर चपला शोधायला लागली होती. लग्न मोडलं. पुढे तिचं दुसरीकडे छान झालं, नवराही घोरतो म्हणे, पण मला बोलावणं नव्हतं. ताई एवढंच म्हणाली, तुझ्या तोंडाला दार नाही, आता माझं दार तुला नाही. मग घर बदललं, फोन नंबर बदलला. ज्याला त्याला विचारलं. सगळ्या गल्लीची खबर मला असते, आणि माझ्या सख्ख्या बहिणीचा नंबर मला कुणी देत नाही.

हे मी पाळकसाहेबांना सांगितलं होतं, ह्याच खुर्चीत बसून. फक्त म्हणाले, बरं. मी म्हटलं, झालं, आता चिठ्ठी लिहितील. आणि प्रत्येक शनिवारी शोधली. आधी त्रैक्यात, बहिणी म्हणजे भावंडंच ना. नाही. कृपेत नाही. मग मन घट्ट करून पापाचे तिन्ही भाग बघितले. जिभेच्या पापाचं प्रकरण आहे, चौऱ्याहत्तर पानांचं, त्यात तर पान न् पान. नाही. भाऊ, अंतिम न्यायात बघितलं, घरमालकांच्या रांगेत! तिथेही नाही. सगळ्या गल्लीसाठी ह्या माणसानं गुडघे झिजवले, आणि मी अकरा वर्षं धूळ पुसते, माझी चिठ्ठी नाही. आज पुस्तकं चालली, म्हटलं एकदा शेवटचं हलवून बघू. झालं, हे शेवटचं. भरा. लावा चिकटपट्टी.

यादीत अजून चार आहेत? कुठली? वरच्या फळीवरची? अहो ती — ती राहू द्या ना. तिथे काही नसेल. स्टूल नाही इथे. तुमचा हात पोहोचतो? तुम्ही उंच आहात खरं... अहो जपून! — बघा, शिंकलात. किती ही धूळ. आता काय सांगू तुम्हाला. तिथे माझा हात पोहोचत नाही. स्टूलवर मला चक्कर येते. अकरा वर्षांत एकदाही पुसली नाही ती फळी, आणि दर शनिवारी पाळकसाहेब विचारायचे, झालं का सगळं? मी म्हणायचे, सगळं लख्ख. त्यांना कुठे दिसतंय म्हणून. धूळ आधीची आहे म्हणा, डोळे चांगले होते तेव्हाचीसुद्धा. त्यांना माहीत होतं की काय?

काय पडलं ते? तुमच्या बुटापाशी. नको, तुम्ही नका वाचू, लोकांच्या चिठ्ठ्या वाचू नयेत. द्या इकडे. कुठल्या पुस्तकातून पडली? काय नाव त्याचं? — मौन? मौनावरचं पुस्तक? मला मौनात ठेवलं? ह्या माणसानं मला... बरं. बरं. ‘शेजारीण – थोरली बहीण.’ बारीक अक्षर आहे. हे जुनं, हे मी वाचावं म्हणून लिहिलेलं नाही. ‘गल्लीसाठी ती जाते. तिच्यासाठी मला जायला हवं.’ — गल्लीसाठी ती... म्हणजे मागचं दार, ती बिघडलेली घंटा, हे देवाला नव्हतं होय लिहिलेलं? म्हणून हसलात तुम्ही मघाशी! आणि मी मेली... थांबा, खाली आहे अजून. ‘पहिलं पत्र, उत्तर नाही. दुसरं, उत्तर नाही. तिसरं, परत आलं. नवा पत्ता मिळाला. चौथं.’ आता अक्षर मोठं झालं, वाकडं. ओळीवर ओळ चढलीय. ‘उत्तर आलं. लेकीनं वाचून दाखवलं. भाचीला मुलगी झाली. घोरते. सगळं घर हसतं आणि शेजारणीची आठवण काढतं. बहीण म्हणते, फोन करायचा तर तिनं आपणहून करावा, कुणी सांगितलं म्हणून नको. तेव्हा तिला सांगायचं नाही.’ आणि खाली नंबर.

घोरते म्हणे. कुणावर गेली.

भाऊ, तुमच्या शाळेत हे शिकवतात का — चिठ्ठी हाती लागल्यावर फोन केला, तर तो आपणहून होतो का? नाही ना सांगता येत? बघा, एवढी पुस्तकं नेताय! मी म्हणते, होतो. मला कुणीही काही सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांनी शब्द पाळला. मी नुसती एक चिठ्ठी वाचली, ती मी दर शनिवारी वाचतेच. आणि नऊ वर्षं मी आपणहूनच शोधत होते की.

नको, तुमचा फोन नको, माझा आहे पदरात गुंडाळलेला. तुम्ही असं करा, ती खोकी जिन्यापर्यंत नेऊन ठेवा. सगळी. एकेक करून, सावकाश. ते मौनावरचं राहू द्या — नाही, न्या, न्या, एकही ठेवू नका म्हणाले होते. चिठ्ठी मात्र निळ्या पुस्तकात घालायची आहे, ते खोकं शेवटी न्या. आधी लागू दे फोन.

वाजतोय. जा ना आता! दार ओढून घ्या. आणि दाराशी उभे राहू नका, दोन पावलं मागे व्हा, दाराखालून सावली दिसते — मला माहीत आहे ना कशी दिसते ते! लोकांचं बोलणं ऐकायचं नसतं, काय ही सवय — हॅलो? ...

ताई?