शून्य वजनाचा कापूस

मेहकर बसस्थानक. बंद पडलेलं घड्याळ. खताच्या पिशवीत सीताफळं. उंद्रीची गाडी अजून लागलेली नाही. माझ्यापुढे रांगेत एक शेतकरी आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कॉम्प्युटर सांभाळणारी मुलगी.

“हे घे, हीना. घरच्या झाडाचे हायेत.”

“काऊन आणले, कडूबाकाका?”

“सोमवारी तू आली नसती तं माही बीटीची वेचणी फाटकाबाहेरच भिजली असती. पावतीवर वजन शून्य, अन् आभाळ भरून आलेलं. झालं काय होतं?”

“काट्याचा प्रोग्राम वजन पडद्यावर दाखवे. पावती छापणाऱ्या पर्ल स्क्रिप्टले मात्र नुसतं शून्य भेटे. शून्य म्हणजे काम नीट झालं, एवढंच.”

“तुही काकूबी अशीच. इचारलं, डॉक्टर काय म्हणे, तं म्हणते, जाऊन आली.”

“हाव, तसंच. मंग कमांडच्या दोन्हीकडून बॅकटिक लावले, कीबोर्डच्या कोपऱ्यातली ती तिरपी खूण. आता वजन सरळ स्क्रिप्टच्या हाती येते.”

“अन् कीबोर्डले लागलेली मेंदी?”

“साहेब अजून पुसून राह्यले.”

“पुसू दे त्याले. माही कापसाची गाडी छपराखाली गेली, पोरी.”

त्या सोमवारी बकरी ईद होती.