नरसय्याची फीत

मी मूळचा अक्कलकोटकडचा, घरात कन्नड, शाळेत मराठी, सातवी झालो आणि बहात्तरच्या दुष्काळात सोलापूरला येऊन चादरीच्या कारखान्यात मापाला लागलो, म्हणजे मालकांच्या चिठ्ठीवरच्या मीटरचे सेंटीमीटर करायचे आणि तेवढी सुती फीत कापून विणकराला द्यायची. फीत कापडाला टाचलेली, चादरीबरोबर गुंडाळत जायची, टोक आलं की चादर पुरी, मग तीच फीत सोडवून पुढच्या चादरीला.

ह्या मापांचं मला लई कौतुक, काय सांगू तुम्हाला. नखाएवढा सेंटीमीटर, त्यात दहा मिलिमीटर, शंभर सेंटीमीटरचा मीटर, इंच-फुटाची कटकटच नाही. पट्टी घेऊन मी मुंगी मोजायचो, मागावरचा धोटा मोजायचो. नरसय्या विणकर, घरचा तेलुगू, म्हणायचा, मास्तर, माझी मिशी मोज की. भरली अकरा सेंटीमीटर. मिलिमीटरमध्ये सांग, जास्त वाटतंय. एकशे दहा म्हटलं तर गडी खूश.

तोवर चिठ्ठीवर मीटर वेगळे, सेंटीमीटर वेगळे यायचे. एकदा टिंब देऊन आलं, २.४ मीटर. मी वाचलं दोन मीटर चार सेंटीमीटर, दोनशे चारची फीत कापली, नरसय्याला दिली. तीस चादरी परत आल्या, दीड वीत आखूड. मालक ओरडले. नरसय्या म्हणाला, फितीपरमाणंच विणलंय मालक. मालक मला म्हणाले, आण ती फीत. आणायला गेलो, पट्टीशेजारी धरली आणि बघत बसलो, मीटरचे दहा भाग, एकेक भाग दहा सेंटीमीटरचा, म्हणजे टिंबापुढचे चार हे चार भाग, चाळीस सेंटीमीटर, एकूण दोनशे चाळीस. खरं सांगतो, आधी उलगडल्याचा आनंद झाला, घाम नंतर फुटला. जुनी फीत खिशात घातली आणि दोनशे चाळीसची नवी कापून मालकांपुढं धरली. माप बरोबर निघालं. नरसय्या फितीकडं नुसता बघत राहिला. त्याच दिवशी त्याला काढलं.

गेल्या महिन्यात जुळे सोलापूर भागात त्याच्या मुलीचं घर शोधलं. तो गेलाय. मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, काका, वडील दुसरीकडं लागले तरी प्रत्येक चादर दोनदा मोजायचे, माझाच हात कुठं आखडला कळलं नाही म्हणायचे. मग म्हणाली, आई आत आहे, ऐकू कमी येतं, तिला मोठ्यानं सांगा.

मी ओरडून सांगितलं, नरसय्याची काही चूक नव्हती, फीत मी चुकीची कापली, मीच बदलली. शेजारची माणसं दारात आली. म्हातारी माझ्याकडं बघत म्हणाली, परत सांग. परत सांगितलं. तेवढं ऐकून तिनं डोळे मिटून घेतले, मला बस म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी उभाच राहिलो.