नुक्ता आणि नुक्ती

धारमध्ये तुपात बुडवलेले कणकेचे बाफले कुठे चांगले मिळतात हे विचारायला आमच्या साडूंना कधी पाठवू नका. ते आणि माझी मेहुणी नंदा पुण्याहून आले होते. बायको गेल्यापासून मी देवास सोडलं नव्हतं, म्हणून दोघांनी मला बळेच धारला नेलं.

भुका लागल्या तसं साडूंनी रस्त्यात एकाला विचारलं, "अच्छा बाफला किधर मिलेगा?"

"भिया, आज तो सामने धर्मशाला में नुक्ता है. उससे अच्छा कहाँ!"

"नुक्ती! म्हणजे बुंदीसुद्धा आहे," साडू खूश. मी तेव्हा गाडी लावत होतो, यातलं काही ऐकलं नाही; येईपर्यंत दोघं पंगतीत बसलेही होते. मीही बसलो.

पहिला घास घेतला, तोच मुंडन केलेला एक माणूस हात जोडून समोर आला. "आप बा को कैसे जानते थे?"

"रस्त्यातला तो नुक्ता की नुक्ती, असंच काही म्हणाला होता," साडू माझ्या कानाशी कुजबुजले. आमच्या माळव्यात नुक्ता म्हणजे तेराव्याचं जेवण.

"नहीं जानते," मी कसाबसा म्हणालो. "भोजनालय समझकर बैठ गए. माफ करना."

तो मागे वळून ओरडला, "अरे, इधर घी लाओ! ये लोग सच में खाने आए हैं!"

साडू केव्हाच उठून उभे होते. मी नंदाला म्हणालो, "चल, ऊठ."

तिने द्रोण पुढे केला. "बसा भावजी. ताईच्या तेराव्याला माझ्या घशाखाली काही उतरलं नव्हतं."