मधला कै.

...नाही, मला सांगा, फ्रीज अण्णांचा, हप्ते अण्णांचे, आणि कर्जबुडवा कोण, तर मी? फ्रीज अण्णांचा होता हो! अण्णा म्हणजे माझे वडील, जाऊन कितीतरी वर्षं झाली, चहासुद्धा कधी उधार प्यायले नाहीत, शेवटचा हप्ता भरूनच आजारी पडले. आणि आता घरासाठी कर्ज मागायला गेलो, तर बँकेतला साहेब चष्मा कपाळावर सरकवून म्हणतो, "तुमच्या नावावर जुनी थकबाकी दिसतेय, फ्रीजची." अहो, माझ्या नावात मधे अण्णांचं नाव आहे, तेवढं बघितलं आणि दिलं मला चिकटवून! फ्रीज देणारी कंपनी केव्हाच बंद पडली, भांडायचं कुणाशी?

आणि इकडे खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई आमच्या भाड्याच्या खोल्या विकायला काढून बसल्यात. महिनाअखेर विकत घ्या, नाहीतर निघा. बायकोनं पडद्यांचं कापडसुद्धा बघून ठेवलंय!

त्यात तो फ्रीज. अजून स्वयंपाकघरात उभा आहे. थकबाकी निघाली ना, त्या दिवसापासून खाकरायला लागलाय. हसू नका! अण्णा बोलायच्या आधी खाकरायचे, अगदी तस्सं... घर्रर्र, खॅक! आई हातातलं काम टाकून म्हणते, "आले हो!" माझ्या अंगावर सरसरून काटा येतो. वाटतं, आता दार उघडून विचारतील, "काय रे, मी बुडवला?" फार वाईट वाटतं हो.

म्हणून कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीकडे तक्रार लिहायला बसलो. आई डोकावली. "अरे, वडिलांचं नाव असं नुसतंच लिहितोस? आधी कै. लाव." आईचं मन कोण मोडणार? लावलं. आधी माझं नाव, मग कै., मग अण्णा, मग आडनाव. एवढंसं अक्षर! उत्तर आलं, थकबाकी रद्द! मी उडीच मारली. खाली कारण होतं... कर्जदार मयत.

फोन केला. तिकडून गोड आवाज, "मयताशी आपलं नातं काय?"

"अहो, मयत मीच!"

"म्हणजे मुलगा का?"

"मुलगाही मीच! फ्रीज अण्णांचा होता हो!"

"दुःखात माणूस असंच बोलतो, काका. सावरा स्वतःला." ठेवला फोन!

साहेबाकडे धावलो. तो म्हणतो, "थकबाकी गेली, अभिनंदन! पण मयताला कर्ज कसं देणार?" अहो, समोर बसलोय! "मला दिसताय हो, पण कॉम्प्युटरला दिसायला पाहिजे ना." तेव्हापासून दाढी करताना आधी आरशात बघून घेतो, आहे ना मी...

आणि बँकेतून कुणीतरी मालकीणबाईंना परस्पर कळवलं, तुमचं गिऱ्हाईक वारलं! बाई धापा टाकत वर आल्या. मी बाहेर येणारच होतो, शपथ! पण बाईंनी बायकोचे हात धरले. "घरात असं झाल्यावर मी खोल्या रिकाम्या करायला सांगीन होय? राहा गं वर्षभर, भाडंही सावकाश दे." बायकोनं माझ्याकडे बघितलं, आणि हळूच हातानं खूण केली... आतच थांबा.

तेव्हापासून बाई रोज येतात धीर द्यायला, आणि मी फ्रीजच्या मागे. परवा मला ठसका लागला. बाई दचकल्या, "कोण खाकरलं?" मी श्वास रोखला... तर आई आतून म्हणाली, "आले हो!"

बाईंनी बायकोच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून गेल्या. आता काय सांगू... फ्रीज अण्णांचा होता हो, पण मागची जागा माझी.