कापसावरचं शवासन

चहा खाली ठेव लेका, हसता हसता सांडशील. माहं मन कधी आभाळात, कधी विहिरीत. म्हणून डॉक्टरनं मोबाईलवर योगाचा क्लास लावून देला. त्या साली कापसाले भावच नव्हता. राळेगावच्या आमच्या घरात खोल्या कापसानं भरलेल्या, म्हणून चटई टाकली कापसावरच. अन् साठवलेल्या कापसावर जरा पडलं का अंगभर खाज सुटते.

शवासनात मी सारखा वळवळून राह्यलो. पुण्याच्या मॅडम मोबाईलमधून म्हणाल्या, "दादा, बेचैनी वाढलीय का? डॉक्टरांना गोळी वाढवायला सांगू?"

मी ताडकन उठून बसलो. "मॅडम, मन शांत आहे. कापसानं अंग खाजून राह्यलं. गोळी नका वाढवू, तेवढा भाव वाढवा."