सुलीची शिक्षा

पोरीला धाक दाखवायचं काम आमच्या घरात हिचंच, मला ते कधी जमलं नाही. एकदा आमची सुली शाळा चुकवून कुणकेश्वरच्या पुळणीवर शिंपले वेचत बसली. ही म्हणाली, "आज तुका बांगडो नाय. नुसतो भात खा."

ही पाणी आणायला वळली, तेवढ्यात मी माझा तळलेला बांगडा सुलीच्या भाताखाली सरकवला. मागाहून ही जेवायला बसली, तर हिच्याही ताटात नुसता भात.

"गो, तुझो बांगडो खंय?"

"मांजरान नेल्यान," ही खाली बघत म्हणाली. "आणि तुमचो?"

"त्याच मांजरान."

दुसऱ्या दिवशी शाळेची वेळ झाली तरी सुली उंबऱ्यावरच बसलेली. म्हणते, "आये, आज पण माका शिक्षा कर गो."