दत्तूचं इंजिन

तू हौसेने भिंतीवर इंजिनाचा जुना फोटो लावलायस, म्हणून सांगतो. आगबोटीचे दिवस होते. आमच्या नाटे गावात बायकामाणसांनी रेल्वे पाहिलीच नव्हती. माझा थोरला भाऊ दत्तू मुंबईला इंजिनावर कोळसा टाकायचा. त्याने साहेबाने काढलेला एक फोटो मुंबईलाच असलेल्या वाडीतल्या रघूबरोबर पाठवला. भलंमोठं इंजिन आणि पुढे हाताची घडी घालून दत्तू! आयेने तो काचेत बसवून ओटीवर खुंटीला लावला. आल्यागेल्याला दाखवायची, "ही माझ्या दत्तूची गाडी."

पुढच्या शिमग्याला दत्तू येणार होता. आला तो एकटा रघू. पाण्याला हात न लावता म्हणाला, "काकी, इंजिन डब्याला जोडताना दत्तू मध्ये सापडला. गेला."

आये म्हणाली, "कुठचं इंजिन?"

रघूने मान खाली घालून भिंतीकडे बोट केलं. "हेच."

बाबा ताडकन उठले. "फोडूनच टाकतो!" म्हणत त्यांनी फोटो उतरवला. आयेने त्यांचा हात घट्ट धरला.

"नको हो," ती म्हणाली. "माझ्या पोराचा दुसरा फोटो कुठे आहे आपल्याकडे?"

बाबांनी तो स्वतःच्या हाताने परत खुंटीला अडकवला.